रोप विकत आणायचं, की घरच्या वाफ्यात वाढवायचं?

मित्रमैत्रिणींनो, आज एक प्रश्न घालतो. ऐकायला सोपा आहे, पण घाईने उत्तर देऊ नका बरं का!

कांद्याची लागण करायची आहे. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, बाजारातून तयार रोप विकत आणायचं आणि दुसऱ्या दिवशी रान भरून टाकायचं. दुसरी, घरी वाफा करायचा, बी टाकायचं, पाणी द्यायचं, तण काढायचं आणि सात-आठ आठवडे थांबायचं. तयार रोपाला पैसा जास्त लागतो, पण वेळ वाचतो. घरचं रोप स्वस्तात पडतं, पण धीर लागतो. शिवाय वाफ्यावर रोग पडला तर सगळंच मुसळ केरात!

आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न नवा नाही. पण आज मी कांद्याबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे कबड्डीबद्दल. कारण अगदी हाच प्रश्न आपल्या कबड्डीच्या संघांनाही पडतो. करोडो रुपये हातात असलेल्या संघाला पडतो, तसाच वर्गणी काढून बनियनवर नंबर टाकणाऱ्या गावच्या मंडळालाही पडतो.

जत्रेतला पाहुणा

गावची जत्रा आली की संध्याकाळी कबड्डीचे सामने असतात. मैदानावर पाणी मारलेलं, चुन्याच्या रेघा आखलेल्या, बांबूला दिवे लटकवलेले. आणि मग एक गंमत दिसते. संघाचं नाव आपल्या गावचं, पण चढाईला जाणारा गडी कुणाच्याच ओळखीचा नाही! तो लांबून आलेला असतो. पैसे ठरवून आणलेला असतो. तो चार चढाया मारतो, बक्षीस मिळवून देतो आणि रात्रीच निघून जातो.

गावची पोरं कुठे असतात? रेघेच्या बाहेर. टॉवेल आणि पाण्याची बाटली हातात घेऊन.

आता मंडळाच्या मोठ्या मुलांना विचारलं तर ती म्हणतात, "गुरुजी, पाहुणा नाही आणला तर पहिल्याच फेरीत घरी जातो आम्ही. मग वर्गणी कोण देईल?" त्यांचंही अगदीच खोटं नाही. पण रेघेबाहेरचा पोरगा विचारतो, "मला कधी खेळवणार?" त्याचंही खरंच आहे. मग करायचं काय?

हे नीट समजण्यासाठी आधी मोठ्या बाजारात जाऊन येऊ या.

बोली लागते तेव्हा

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. तेव्हा आठ संघ होते, पुढे २०१७ पासून बारा झाले. या लीगमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो. कांद्याचा होतो तसाच, फक्त इथे ढिगाऐवजी नाव पुकारतात. २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार. त्याची बोली गेली १२ लाख ८० हजार रुपयांवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये दहाव्या हंगामाच्या लिलावात पवन सेहरावतची बोली कुठे थांबली माहीत आहे? २ कोटी ६० लाख ५० हजारांवर! नऊ वर्षांत वीसपट.

पण संघांनी वाटेल तेवढा पैसा उधळायचा नाही, असा नियम आहे. दहाव्या हंगामात प्रत्येक संघाची थैली होती ५ कोटींची. सगळे खेळाडू त्यात बसवायचे. म्हणजे एकावर जास्त खर्च केला, की बाकीच्यांसाठी कमी उरणार. आई महिन्याचा किराणा भरते, तसंच हे गणित आहे. बदामावर सगळे पैसे घातले तर ज्वारी कशातून आणणार?

त्याचबरोबर नियमांमध्ये नव्या, तरुण खेळाडूंसाठी वेगळी सोयही आहे. ज्यांना अजून कुणी ओळखत नाही, अशा मुलांना संघ थोड्या पैशांत घेऊ शकतो, शिकवू शकतो आणि पुढच्या हंगामांसाठी राखूही शकतो. हाच तो घरचा वाफा!

सारखाच खर्च, उलटा शेवट

आता त्याच लिलावातली ही जोडी पाहा. पवन सेहरावतला घेतलं तेलुगू टायटन्सने, २ कोटी ६० लाख ५० हजारांना. म्हणजे निम्मी थैली एकट्यावर रिकामी! आपल्या पुणेरी पलटणने इराणचा पकडपटू मोहम्मदरझा शादलुई घेतला, २ कोटी ३५ लाखांना. म्हणजे जवळजवळ निम्मी थैली यांचीही रिकामी.

दोघांनी सारखंच केलं ना? मग निकाल सारखाच लागायला हवा. पण झालं काय ते बघा. प्रत्येक संघ २२ साखळी सामने खेळला. टायटन्सने त्यातले जिंकले फक्त २, आणि ते शेवटच्या क्रमांकावर राहिले. पलटणने जिंकले १७, बरोबरीत सुटले ३, आणि हरले फक्त २. ९६ गुणांसह पलटण पहिली आली. १ मार्च २०२४ ला हैदराबादला अंतिम सामन्यात तिने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं.

पवन वाईट खेळला असं नाही. तो भारताचा कर्णधार राहिलेला, नावाजलेला खेळाडू! चढाईत त्याने गुणांची रास घातली. पण कबड्डीत सात गडी असतात. चढाई करणारा बाद झाला की तो बाहेर बसतो. त्याला परत आत आणायला बाकीच्या सहांनी समोरचा गडी बाद करायचा असतो. तिथेच गाडी अडली.

पलटणचं मात्र वेगळं होतं. शादलुई यायच्या आधीच घर भरलेलं होतं. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री अशी पोरं तयारच होती. वाफा हिरवागार होता. कमी होती एकाच मजबूत खांबाची. तेवढाच त्यांनी बाजारातून आणला.

म्हणजे खरा फरक खर्चात नव्हता. खर्च करायच्या आधी घरात काय होतं, यात होता.

वाफा एका दिवसात होत नाही

ही पोरं आली कुठून? पुणेरी पलटणची 'युवा पलटण' नावाची तरुणांची फळी आहे. तिथे मुलं राहतात, सराव करतात, खातात-पितात आणि थांबतात. थांबणं महत्त्वाचं! अस्लम इनामदार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. आकाश शिंदे नाशिकचा. मोहित गोयत हरियाणाचा. घरचा वाफा म्हणजे फक्त आपल्या गावचंच बी, असं नाही हं! बी कुठलंही असो, वाढवलं कुणी ते महत्त्वाचं.

२०२१ च्या डिसेंबरात आठवा हंगाम सुरू झाला. पलटणकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर असे मोठ्या नावाचे चढाईपटू होते. पण हंगाम पुढे सरकला तसा भार आला तो अस्लम आणि मोहित या नव्या पोरांवर. प्रशिक्षक अनुप कुमारने त्यांना खेळवलं. दोघांनीही संधीचं सोनं केलं.

पुढच्या हंगामात पलटण अंतिम फेरीत पोहोचली आणि १७ डिसेंबर २०२२ ला जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ ने हरली. त्याच्या पुढच्या हंगामात करंडक आला. त्या हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला तोच वाफ्यातला अस्लम, आणि सर्वोत्तम पकडपटू ठरला बाजारातून आणलेला शादलुई. एक घरचा, एक विकतचा!

यातली आणखी एक गंमत सांगतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊ इथे आशियाई खेळांचा अंतिम सामना झाला. भारताने इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्ण जिंकलं. भारताच्या चमूत अस्लम आणि आकाश होते, तर समोर इराणकडून शादलुई. दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि समोरासमोरचे हे गडी एकाच संघात आले.

महाग रोपाला दगा बसला तर?

विकतच्या रोपाचा एक धोका असतो. सगळी भिस्त त्याच्यावर टाकली आणि ते जळालं तर? नवव्या हंगामात तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतलं होतं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. संपलं! अख्खा हंगाम तो बाहेर.

सगळे म्हणाले, आता थलायवाज बुडणार. पण त्या संघात नरेंदर नावाचा एक नवा पोरगा होता. पहिलाच हंगाम, नाव कुणाला माहीत नाही. त्याने चढाईत २४३ गुण मिळवले! थलायवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले. तिथे त्यांना हरवलं ते आपल्या पलटणने, ३९-३७ असं.

म्हणजे वाफा हा नुसता स्वस्तातला माल नसतो. तो विमाही असतो.

पण गुरुजी, मग विकत घ्यायचंच कशाला?

हा प्रश्न आमच्या शाळेतल्या एका मुलीने लगेच विचारला. चांगला प्रश्न आहे. उत्तर अकराव्या हंगामात मिळतं. तेव्हा शादलुई पलटणकडे नव्हता. हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं. इकडे अस्लमला हंगामाच्या मध्येच दुखापत झाली. पलटण बाद फेरीतही पोहोचली नाही. तिकडे स्टीलर्सने २९ डिसेंबर २०२४ ला पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवून करंडक उचलला. तोही कुठे? आपल्या पुण्यात, बालेवाडीला!

नुसता वाफा असून भागत नाही, हे इथे कळतं. कधीकधी रानात एखादा कोपरा मोकळा राहतो, तो भरायला बाजारात जावंच लागतं. पण स्टीलर्सचीही घरची तयारी होती. त्यांच्या चढाईत महाराष्ट्राचा तरुण शिवम पटारे चमकला. आणि पलटणचा वाफा मेला नव्हता. बाराव्या हंगामात अस्लमच्याच कप्तानीत ती पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी थोडक्यात हरली.

अमेरिकेतली 'शेती'

तुम्हाला वाटेल, गुरुजी उगाच खेळात शेती घुसडतायत. तर ऐका. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. चेंडू आणि दांडू, क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. तिथे या पद्धतीला शब्दच आहे 'फार्म'. म्हणजे शेत!

गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. सेंट लुइस कार्डिनल्स नावाचा संघ गरीब होता. चांगला खेळाडू दिसला की श्रीमंत संघ जास्त पैसे देऊन पळवायचे. संघाचा कारभारी होता ब्रँच रिकी. त्याने ठरवलं, बाजारात आपला टिकाव लागत नाही, तर आपण पिकवू. त्याने लहान गावांतले छोटे छोटे संघ हाताशी धरायला सुरुवात केली. तिथे पोरं खेळायची, शिकायची, चांगली निघाली की वरच्या संघात यायची.

तिकडे न्यू यॉर्क यांकीज संघाने १९१९ च्या डिसेंबरात बेब रूथ हा खेळाडू बोस्टनकडून १ लाख डॉलरला विकत घेतला होता. त्या काळी केवढी मोठी रक्कम! १९२६ साली विकतवाले यांकीज आणि पिकवणारे कार्डिनल्स अंतिम मालिकेत भिडले. जिंकलं कोण? कार्डिनल्स, ४-३ ने. पण लगेच टाळ्या वाजवू नका. १९२८ साली हेच दोघे पुन्हा भिडले आणि यांकीजने ४-० असा धुव्वा उडवला!

या शेतीला एक काळी बाजूही होती. खेळाडूला स्वतःच्या मर्जीने संघ सोडता येत नसे. संघ ठेवील तिथे राहायचं, देईल ते घ्यायचं. १९७५ साली एक मोठा निवाडा झाला आणि करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. मग तो बाजारात उभा राहून म्हणू लागला, बोला, कोण किती देता? तेव्हापासून तिथल्या संघांना दोन्ही हिशोब जमवावे लागतात. २०२५ ची अंतिम मालिका लॉस एंजेलिस डॉजर्सने जिंकली. शेवटच्या सामन्यात विजयी फटका मारला विल स्मिथने, ज्याला डॉजर्सने २०१६ साली घेऊन स्वतःच्या 'शेतात' वाढवलं होतं. शेवटचा चेंडू टाकला जपानच्या यामामोतोने, ज्याला ३२ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर आणलं होतं. पुन्हा तेच. एक घरचा, एक विकतचा!

खंडाच्या जमिनीत आंबा

आता एक कोडं. खंडाने दोन वर्षांसाठी घेतलेल्या जमिनीत कुणी आंबा लावतो का? नाही ना! फळ लागेपर्यंत जमीन हातातून जाणार.

आयपीएलमध्ये पुण्याचा रायझिंग पुणे सुपरजायंट संघ तसाच होता. २०१६ आणि २०१७, अशी दोनच वर्षं तो राहणार होता. मग तो वाफा कशाला करील? २०१७ साली त्यांनी इंग्लंडच्या बेन स्टोक्सला १४ कोटी ५० लाखांना घेतलं. स्टोक्स खेळलाही छान. पण त्याच लिलावात त्यांनी महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठी घेतला, फक्त १० लाखांना. आता करा गणित. एका स्टोक्सच्या पैशात किती त्रिपाठी येतात? १४५! आणि त्रिपाठीने त्या हंगामात धावा केल्या ३९१, स्टोक्सहूनही जास्त. संघ अंतिम फेरीत गेला आणि मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला.

पण विचार करा. त्रिपाठीला वाढवलं कुणी? त्या दोन वर्षांच्या संघाने नाही. पुण्यातल्या क्लबांनी आणि महाराष्ट्राच्या संघाने. त्यांनी वर्षानुवर्षं पाणी घातलं आणि फळ दुसऱ्याने तोडलं. वाफा करणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा हेच येतं.

आता आपल्या गावात या

समजा, तुमच्या मंडळाकडे वर्षाची वर्गणी जमली ३० हजार रुपये. एका जत्रेला दोन पाहुणे आणले, प्रत्येकी ५ हजार दिले, तर खर्च झाला १० हजार. तीन जत्रांत वर्गणी संपली. हाती काय राहिलं? दोन करंडक आणि शून्य खेळाडू.

उलट केलं तर? एका जत्रेला एकच पाहुणा आणा, ५ हजारांत. त्याला अट घाला, की एक दिवस आधी ये आणि आमच्या पोरांना शिकव. उरले २५ हजार. त्यात मैदानात माती टाका, रोज सरावानंतर शेंगदाणे, गूळ आणि केळी द्या, गुडघ्याला पट्टे आणा, तालुक्याच्या स्पर्धेला जायचं गाडीभाडं काढा. पहिल्या वर्षी तुम्ही हराल. दुसऱ्या वर्षीही बहुधा हराल. हे आधीच गावाला सांगून टाका, म्हणजे कुणी नाव ठेवणार नाही. पुणेरी पलटणसुद्धा लीगच्या पहिल्या दोन हंगामांत तळालाच होती!

आणि तयार झालेला पोरगा उद्या रेल्वेत किंवा पोलिसात खेळाडू म्हणून भरती झाला, गाव सोडून गेला, तर? तर रडू नका. पेढे वाटा. त्याला एवढंच सांगा, की सुट्टीला आलास की संध्याकाळी मैदानावर ये.

मुलींबद्दल तर बोललंच पाहिजे. मोठ्या लिलावात बोली लागते ती मुलांवर. मुलींसाठी २०१६ साली तीन संघांची छोटी स्पर्धा झाली होती. पण आपल्या पुण्याची स्नेहल शिंदे हांगझोऊला भारताच्या सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होती. लिलाव नसताना ती तिथे पोहोचली, ती फक्त वाफ्याच्या जोरावर. मग गावातल्या मैदानावर मुलींची संध्याकाळची वेळ का ठेवू नये? त्यांच्यासाठी तर बाजाराची वाटच नाही. वाफा नसेल तर काहीच नाही.

मात्र एक गोष्ट शिक्षक म्हणून स्पष्ट सांगतो. वाफ्यातलं प्रत्येक रोप रानात जात नाही. शेकडो मुलं सराव करतात आणि दोन-चारच टीव्हीवर दिसतात. म्हणून सराव करा, जीव तोडून करा, पण दप्तर फेकून नाही. उरलेल्या शेकड्यांमध्ये आपण असू शकतो. त्यात लाज नाही. त्यांच्यातूनच उद्याचे पंच, प्रशिक्षक आणि पहाटे मैदानावर पाणी मारणारे लोक तयार होतात. ते नसतील तर अस्लमही नाही आणि मोहितही नाही.

तुमचं काम

आता वही काढा. तुमच्या गावच्या किंवा शाळेच्या संघातल्या सात जणांची नावं लिहा. त्यातले घरचे किती, पाहुणे किती ते मोजा. मग रेघेबाहेर बसणाऱ्या पोरा-पोरींची नावं लिहा आणि त्यांना या वर्षी किती मिनिटं खेळायला मिळालं ते त्यांनाच विचारा. शेवटी ३० हजारांचा तुमचा स्वतःचा हिशोब मांडा. माझ्यासारखाच हवा असं मुळीच नाही. तो कागद मंडळाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. मोठी माणसं हसतील कदाचित. हसू द्या. पण आकडे बरोबर असतील तर ती गप्प होऊन ऐकतील सुद्धा!